मागणीच्या पेटीतली चिठ्ठी

एका नाताळ अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, 'छापखान्यातल्या आठवणी पाठवा. भांडण नको.' मी उलट टपाली कळवलं, की मला नुकती तिशी लागली आहे आणि आठवणी लिहिण्याइतका मी अजून निवृत्त झालेलो नाही. भांडणाबद्दल काहीच कळवलं नाही.

मी पत्रकांवर वाढलो. हे अलंकारिक नाही. वडील ख्रिस्ती सुवार्तेची पत्रकं वाटत. निफाड, देवळा, सटाण्यापर्यंतचे आठवडी बाजार करत आणि उरलेली पत्रकं घरी आणत. आमच्या भिंतींचे पोपडे पडायचे, म्हणून आईने ती पत्रकं खळ लावून भिंतींना चिकटवली होती. त्यामुळे जेवताना माझ्यासमोर 'तू कोठे चालला आहेस?' असं बोटभर उंचीच्या अक्षरांत असे, आणि झोपताना उशाशी 'उद्या कदाचित उशीर होईल'. शाळेत जाण्याआधी मला तीन शब्द लिहिता येत होते : नाश, पश्चात्ताप आणि आजच. पुढे कॉलेजात संपाची आणि मोर्च्यांची पत्रकं हातात आली, तेव्हा ती मला घरच्यासारखीच वाटली. नाश कोणाचा होणार, तेवढं नाव बदललं होतं.

एकोणिसाव्या वर्षी मी आमच्या चर्चच्या छापखान्याला लागलो. आणीबाणी उठली होती, रॉकेलच्या रांगा उठल्या नव्हत्या. छापखाना म्हणजे शरणपूर रोडच्या आतल्या बाजूला, चर्चच्या आवारात एक पत्र्याची शेड. तीत पायाने मारायचं एक ट्रेडल मशीन, खिळे ठेवायच्या खणाखणांच्या केसा आणि वाघमामा. वाघमामा मुख्य कंपोझिटर. माणूस ओझरकडचा, बौद्ध. वीस वर्षं आमचीच उपासनेची पुस्तकं जुळवून त्यांना आमच्या पाळकांपेक्षा, म्हणजे धर्मगुरूंपेक्षा, जास्त वचनं पाठ झाली होती. मी हुद्द्याने सहायक होतो. कामाने प्रूफं वाचणारा, शेड झाडणारा आणि चर्चच्या मासिकाचा संपादक. मासिकावर संपादक म्हणून नाव पाळकसाहेबांचं असे.

ज्यांनी छापखाना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हा अक्षरं शिशाची असत. एकेक खिळा खणातून उचलायचा, हातातल्या पट्टीत उलटा लावायचा, ओळ भरली की पुढची. छापून झालं की सगळे खिळे सोडवून परत आपापल्या खणात टाकायचे. आज 'स्वर्गा'त बसलेला ग उद्या गजकर्णाच्या मलमाच्या जाहिरातीत जाऊन बसायचा. काही ओळी मात्र दर महिन्याला लागत, त्या कोणी सोडवत नसे. 'प्रभूच्या चरणी उपकार मानतात' ही ओळ वाघमामांनी वीस-पंचवीस वेळा जुळवून, दोऱ्याने बांधून फळीवर ठेवली होती. आमच्या छापखान्यात कृतज्ञता तयार मिळत असे.

ती लागायची कारण मासिकाचं सर्वांत वाचलं जाणारं पान तेच होतं. चर्चच्या व्हरांड्यात दोन लाकडी पेट्या होत्या. एक उपकारांची, एक मागण्यांची. देवाने काही भलं केलं असेल तर पहिलीत चिठ्ठी, काही हवं असेल तर दुसरीत. गावोगावच्या चिठ्ठ्या टपालाने येत. त्या सगळ्या निवडून, वाक्यं नीट करून मी पान पाच आणि सहावर लावायचो. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचे सर्वांत थोरले पंच, दाऊद आजोबा, हा ताजा अंक हातात घेऊन वेदीपाशी उभे राहत आणि पान पाच वाचून दाखवत. प्रत्येक उपकारापाठी मंडळी, म्हणजे चर्चला आलेले सगळे, एका आवाजात आमेन म्हणत. दाऊद आजोबा टपालखात्यातून निवृत्त झालेले पोस्टमन. वाचतानाही ते प्रत्येक नाव असं घेत, की तो माणूस दार उघडून बाहेर येईल.

या चिठ्ठ्या निवडणं हे माझं काम आणि मला त्या कामाचा संताप होता.

निफाडकडच्या एका बागायतदाराने लिहिलं होतं, गारा पडत पडत शेजाऱ्याच्या द्राक्षबागेपर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या, म्हणून उपकार. खाली शेजाऱ्याचं नावही दिलं होतं. मी शेजारी काढून टाकला. पुढच्या महिन्यात शेजाऱ्याची चिठ्ठी आली. तोही आमच्यातलाच निघाला. बाग गेली तरी जीव वाचला म्हणून त्याने उपकार मानले होते, आणि सोबत दुसरी चिठ्ठी मागणीची होती : बांधाला लागून असलेल्या भावाला सुबुद्धी मिळावी.

इगतपुरीचे एक रेल्वेतले फिटर होते. दर ऑगस्टला त्यांची चिठ्ठी ठरलेली : पावसाने भिंत पडली, पण बाहेरच्या बाजूला पडली, म्हणून उपकार. माझ्या पहिल्या वर्षी मी तीच छापली. दुसऱ्या वर्षी भिंत आत पडली. चिठ्ठी आली : आम्ही बाहेर होतो.

हे वाचून लोक हसतात. मी तेव्हा हसत नसे. माझं म्हणणं असं, की भिंत पडली तर रेल्वेकडे अर्ज करा, धरणं धरा, क्वार्टर मागा. पडलेल्या भिंतीचे उपकार मानणाऱ्याला पक्की भिंत कोण बांधून देईल? वाघमामा खिळे उचलता उचलता ऐकून घेत. म्हणत, "तू म्हनतो ते बरोबर हाय. पन त्या माणसाची चिठ्ठी दर वर्षी येती. तुझा अर्ज अजून गेला नाय."

आणि सगळ्यांवर कडी होत्या साळवेबाई.

श्रीमती रूथ साळवे आमच्या चर्चच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. नवरा गेलेला, एक मुलगी. बाई नोकरीला लागल्या त्याच वर्षी मी चौथीत त्यांच्या हाताखाली होतो. तेव्हापासून दहा वर्षं त्या तात्पुरत्या होत्या. शाळेची युक्ती अशी, की एप्रिलअखेर तात्पुरत्या शिक्षिकांना कामावरून काढायचं आणि जूनमध्ये परत नव्याने घ्यायचं. याला 'ब्रेक' म्हणत. मधे ब्रेक पडला, की सलग नोकरी होत नाही. सलग नोकरी झाली नाही, की कायम करावं लागत नाही. अशा तीन शिक्षिका होत्या. शाळेच्या समितीत आमचे पंचच होते आणि अध्यक्ष पाळकसाहेब. रविवारी विधवांची काळजी घेण्यावर उपदेश आणि तीस एप्रिलला ब्रेक.

आणि ज्या बाईला दर वर्षी काढून टाकत, तिची चिठ्ठी दर महिन्याला उपकारांच्या पेटीत. बाई फळ्यावर लिहावं तसं तुटक लिहीत. 'एप्रिल, मे. कुरडया झाल्या.' म्हणजे नोकरी नसल्यामुळे वाळवणाला वेळ मिळाला, असं आपण समजायचं. 'रॉकेल. दोन तास. मिळालं.' 'शिवणयंत्र. परत चालू.' त्याचं वाक्य मी करायचं आणि वाघमामांनी दोऱ्याने बांधलेली ओळ खाली लावायची.

एकदा न राहवून मी त्यांना म्हटलं, "बाई, लाथ मारणाऱ्या पायाचे उपकार कसले मानता?"

बाई पिशवीतून वह्या काढत होत्या. म्हणाल्या, "पायाचे कोण मानतं? पाठीचे मानते. मोडली नाही म्हणून."

हे उत्तर मला पटलं नाही. पाठ मोडली नाही यात समितीचं काय कौतुक? मी उरलेल्या हिरव्या कागदावर पत्रक छापलं. शीर्षक होतं, 'ब्रेक कोणाला, पाप कोणाचं?' रविवारी फाटकात उभा राहून दोनशे प्रती वाटल्या. परिणाम सांगतो. पुढचा आठवडाभर आवारातल्या लोकांनी भाकऱ्या हिरव्या कागदात बांधून नेल्या. पंचांपैकी कोणी एक अक्षर बोललं नाही. फक्त साळवेबाईंनी त्यांची प्रत परत पाठवली. लाल शाईने अकरा चुका दाखवल्या होत्या आणि खाली शेरा होता : 'कळकळ चांगली. शुद्धलेखन सुधारा. दहापैकी सहा.'

आता मुख्य गोष्ट.

त्या वर्षी शाळेत एक जागा कायम व्हायची होती, कारण एक वयस्क शिक्षिका निवृत्त होत होत्या. समितीचा नियम होता, की पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला नव्याने कायम करायचं नाही. साळवेबाई त्या जुलैत पंचेचाळीस पूर्ण करणार होत्या. म्हणजे ही जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर साठीपर्यंत ब्रेक, किंवा समितीच्या मनात येईल त्या दिवशी कायमचा ब्रेक. दुसरी उमेदवार नगरहून येणार होती. ती पाळकसाहेबांच्या साडूची मुलगी. हे गुपित होतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी मी पेट्या उघडल्या. मागण्यांच्या पेटीत नेहमीचा ढीग. त्यात मला साळवेबाईंचं अक्षर दिसलं. चिठ्ठीवर तीन शब्द होते : 'शाळेतली नोकरी. कायम.'

इथे मी जे केलं त्याला छापखान्यात चूक म्हणत नाहीत, आगाऊपणा म्हणतात. दहा वर्षांत बाईंची एकही चिठ्ठी त्या पेटीत पडलेली नव्हती. मला वाटलं, बाईंचा चष्मा बदलायला आला आहे आणि त्यांनी पेटी चुकवली. दुसरंही वाटलं, ते कबूल करतो. मला वाटलं, माझ्या पत्रकाने काम केलं. समिती नमली आणि बाई कायम झाल्या. माणूस पत्रकं लिहायला लागला की त्याला जगातल्या सगळ्या चांगल्या गोष्टींमागे आपलंच पत्रक दिसतं. मी आनंदाने ती चिठ्ठी उपकारांच्या गठ्ठ्यात टाकली, वाक्य केलं, वाघमामांना दिलं. त्यांनी फळीवरची तयार ओळ खाली लावली.

पाळकसाहेब तेव्हा मूळव्याधीच्या ऑपरेशनसाठी मिरजेला होते. त्यामुळे अंक छापण्याआधी कोणी पाहिला नाही. रविवारी दाऊद आजोबांनी पान पाच उघडलं. दोन बाळंतपणं झाली, इगतपुरीचा जुना खोकला गेला, आणि मग आजोबांनी चष्मा वर सरकवून वाचलं, "श्रीमती रूथ साळवे, शाळेतील नोकरी कायम झाल्याबद्दल प्रभूच्या चरणी उपकार मानतात."

एवढा मोठा आमेन मी त्या चर्चमध्ये नाताळालाही ऐकला नव्हता. बायकांच्या बाजूने तर दोनदा आला. पंच एकमेकांकडे पाहू लागले. प्रत्येकाला वाटलं, आपण गैरहजर होतो त्या बैठकीत हे ठरलं असणार, आणि मी गैरहजर होतो हे कोण सांगणार? म्हणून प्रत्येकाने आपणच ठरवल्यासारखी मान हलवली. साळवेबाई तिसऱ्या बाकावर होत्या. त्या उठल्या नाहीत, वळल्या नाहीत. मला वाटलं, आनंदाने गहिवरल्या.

सोमवारी सकाळी बाई छापखान्यात आल्या. स्टूल दिलं तर बसल्या नाहीत.

"मी चिठ्ठी कुठल्या पेटीत टाकली होती?"

मी सांगितलं.

"मग?"

"मला वाटलं, चुकून टाकलीत. तुम्ही कधी त्या पेटीत..."

"दहा वर्षांत एकदा टाकली रे," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला नव्हता. "एकदाच मागितलं."

वाघमामांनी हातातली पट्टी खाली ठेवली. मी म्हणालो, मी आत्ता जाऊन पंचांना सांगतो, जाहीर माफी छापतो, राजीनामा देतो. वाघमामा म्हणाले, "राजीनामा कशाचा देतो? तू बी तात्पुरताच हाय." हे खरं होतं. दहा वर्षांच्या ब्रेकवर पत्रक काढणाऱ्या माझ्या हे लक्षात आलं नव्हतं, की मलाही कोणी नेमणुकीचा कागद दिलेला नाही.

बाईंना हसू आलं, पण थोडंच. म्हणाल्या, "माफी नको, दुरुस्ती हवी. माझ्या नावाखाली खोटं आलंय. ते राहू द्यायचं नाही." पुढचा अंक महिन्याने निघणार होता. तोवर मीच सांगत फिरते, असं म्हणून त्या गेल्या.

आणि त्या खरंच सांगत फिरल्या. तो महिना मी विसरणार नाही. बाई शाळेत गेल्या तर मुख्याध्यापिकांनी त्यांना हातांची खुर्ची दिली. तात्पुरत्या शिक्षिकांना आजवर स्टूल असे. बाई म्हणाल्या, मी कायम झाले नाही, चूक झाली आहे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, बसा हो, संकोच करू नका. रॉकेलच्या रांगेत बायकांनी त्यांना पुढे घेतलं. बाई म्हणाल्या, अहो, ती छपाईची चूक. बायका एकमेकींना म्हणाल्या, बघा, असं मोठेपण न मिरवणं आपल्याला जमेल का? बाई जितक्या नाही म्हणत तितक्या त्या लोकांना नम्र वाटत. महिला मंडळाने 'ख्रिस्ती नम्रता' या विषयावर बोलायला त्यांना बोलावलं. बाई गेल्या आणि अर्धा तास फक्त एवढंच समजावत राहिल्या, की त्यांची नोकरी कायम झालेली नाही. भाषण फार आवडलं. दोघींनी डोळे पुसले.

माझ्या दोनशे पत्रकांनी जे झालं नाही ते एका खोट्या ओळीने झालं होतं. बाईंचा मान सगळ्यांना दिसायला लागला होता. पण जागा अजून नगरच्या मुलीचीच होती, आणि जुलै जवळ येत होता. लोक हार घालत होते आणि बाईंच्या पायाखाली काहीच नव्हतं. रात्री झोप लागत नाही, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. मात्र त्या महिन्यात त्यांची चिठ्ठीही आली नाही. उपकारांच्या पेटीत बाईंचं अक्षर नाही, असं माझ्या काळात पहिल्यांदाच झालं.

पाळकसाहेब मिरजेहून परतले ते मधे भोक असलेली रबरी उशी घेऊन. स्टेशनवर उतरल्याबरोबर तिघांनी त्यांचं अभिनंदन केलं, साळवेबाईंना कायम केल्याबद्दल. त्यांनी आधी ते ऑपरेशनचं अभिनंदन समजून स्वीकारलं. घरी पोचल्यावर पाळकबाईंनी अंक समोर ठेवला. पाळकबाई म्हणजे नगरच्या मुलीची सख्खी मावशी. पुढचं त्या घरात काय झालं ते मला माहीत नाही, पण तासाभरात मला बोलावणं आलं आणि दुसऱ्या दिवशी समितीची बैठक लागली.

बैठकीला मला साक्षीदार म्हणून उभं केलं. पाळकसाहेब उशीवर बसले. शांतपणे म्हणाले, प्रश्न साधा आहे, छपाईची चूक आहे, पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती येईल. जागेचं म्हणाल तर ती नियमाप्रमाणे भरू. 'नियमाप्रमाणे' म्हणताना ते उशीवर किंचित सरकले.

दाऊद आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "चिठ्ठी कुठल्या पेटीत होती?"

"मागण्यांच्या."

"आणि तू ती उचलून दुसरीत टाकलीस."

"हो."

"चाळीस वर्षं टपाल वाटलं मी. पेटीतलं टपाल हलवणाऱ्याला आमच्या खात्यात घरी पाठवत."

मी म्हणालो, मी तयार आहे. ते म्हणाले, तुझं नंतर बघू, आणि पाळकसाहेबांकडे वळले.

"साहेब, चूक या पोराची. पण वाचलं मी. आमेन मंडळीने म्हटलं. आमेन म्हणजे पोच असते. पोचेवर सही झाली, की पत्र परत मागता येत नाही."

"दाऊदभाऊ, पत्रच चुकीचं होतं."

"असेल. पोचलं ना पण."

पाळकसाहेब शिकलेले होते. त्यांनी सांगितलं, की देव काही छापखान्यातल्या चुकीने बांधला जात नाही.

"देव नाही बांधला जात," आजोबा म्हणाले. "आपण जातो. आमेन आपण म्हटलं, त्याने नाही म्हटलं."

बाकीचे पंच टेबलाकडे पाहत होते. महिनाभर प्रत्येकाने बाहेर लोकांना सांगितलं होतं, की हो हो, आम्हीच केलं ते. आता केलं नाही म्हणून सांगायचं कोणालाच जड जात होतं. शेवटी बाईंनाच विचारावं असं ठरलं. त्या बाहेर व्हरांड्यात बसल्या होत्या. आत आल्या. पाळकसाहेबांनी विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे, काही विनंती करायची आहे का?

मला वाटलं, आता बाई बोलतील. दहा वर्षं, मुलगी, जुलै महिना, सगळं सांगतील. माझ्या खिशात त्यांच्यासाठी चार मुद्दे लिहिलेला कागदही होता.

बाई म्हणाल्या, "मागायचं होतं तिथे मी मागितलंय. एकच गोष्ट दोन ठिकाणी मागत नाही. पण अंकात माझ्या नावाने खोटं आलंय ते दुरुस्त करा. तुमचा ठराव काहीही होवो." आणि सलाम करून बाहेर गेल्या.

मग आजोबांनी हिशेबी माणसासारखा प्रश्न टाकला. मासिकाच्या प्रती घरोघर गेल्या आहेत, निफाडपासून इगतपुरीपर्यंत. त्या सगळ्या खोट्या ठरवायच्या, की शाळेचं एक रजिस्टर आहे तेवढं खरं करायचं? सोपं काय?

पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "घरी काय सांगू?"

"सांगा, तुम्ही मिरजेला असताना झालं."

ठराव झाला. जूनपासून कायम. त्या वर्षीचा ब्रेक मात्र दिला, कारण ब्रेकचं पत्र आधीच टाइप झालं होतं. बाईंनी मे महिन्यात कुरडया केल्या.

ठरावाच्या दुसऱ्याच दिवशी बाई छापखान्यात आल्या आणि विचारलं, दुरुस्ती लागली का. मी म्हणालो, बाई, आता कसली दुरुस्ती? खरं झालं की सगळं.

"छापलं तेव्हा खोटं होतं," बाई म्हणाल्या.

मी स्वतःला तत्त्वाचा माणूस समजत होतो. त्या दिवशी मला कळलं, की मी फक्त मोठ्याने बोलणारा माणूस आहे. मी दोन पानांची दुरुस्ती लिहिली. तीत ब्रेक आला, समिती आली, वशिला आला, नगर आलं. बाईंनी लाल पेन काढलं. वाघमामा म्हणाले, येवढे खिळे माझ्याकडे नाय. शेवटी पान पाचवर चौकटीत एवढंच आलं :

'मागील अंकात श्रीमती रूथ साळवे यांची उपकारस्तुती चुकीने आधीच छापली गेली. ज्यांनी आमेन म्हटले आहे त्यांनी पुन्हा म्हणण्याची आवश्यकता नाही.'

दाऊद आजोबांनी रविवारी तेही वाचून दाखवलं. मंडळीने सवयीने आमेन म्हटलं.

मला नेमणुकीचा कागद मिळाला नाही. मीही मागितला नाही, त्या वर्षी तोंड नव्हतं. पुढे मागितला आणि दोन वर्षं भांडून मिळवला, ते वेगळं. नगरची मुलगी मनमाडच्या शाळेत लागली. तिने उपकारांची चिठ्ठी पाठवली, ती मी दोनदा वाचून, पाकिटावरचा शिक्का तपासून, मगच लावली.

माझं मत बदललं का, असं लोक विचारतात. ब्रेक हा अन्याय होता आणि आहे. उपकार मानल्याने तो न्याय होत नाही. पण मी एवढं शिकलो, की साळवेबाई उपकार मानत होत्या म्हणून अन्याय चालला नव्हता. तो आम्ही बाकीचे गप्प होतो म्हणून चालला होता. त्या एकट्याच दर महिन्याला आपल्या हाताने लिहून कळवत होत्या, की रूथ साळवे अजून उभी आहे. मी ते वाचून त्याची वाक्यं करत होतो आणि मला वाटत होतं, की लढतोय मी.

खंत आहे ती वेगळ्याच गोष्टीची. चूक एकीच्याच कामाला आली. ब्रेकवरच्या शिक्षिका तीन होत्या. दुसरी कंटाळून नोकरी सोडून गेली. तिसऱ्या मार्थाबाई अजून ब्रेकवरच आहेत. कायम झाल्या त्या जूनपासून साळवेबाईंनी स्वतःसाठी मागण्यांच्या पेटीत कधी काही टाकलं नाही. पण दर महिन्याला त्यांची एक चिठ्ठी तीत असते, तशीच तुटक : 'मार्था. जागा.' दाऊद आजोबा आता नाहीत, पंच बदलले, पाळकही दोन झाले. मी पत्रकं काढतो, अजूनही काढतो, आणि आता शुद्धलेखन तपासून काढतो.

ती चिठ्ठी हातात आली, की मी दोन्ही गठ्ठ्यांकडे बघत उभा राहतो. एकदा वाघमामांना विचारलंही, मामा, पुन्हा एकदा चुकू का? ते मान वर न करता म्हणाले, "पहिल्यांदी चुकला ती चूक व्हती. आता करशील ती लबाडी. आन् बाई आजून शाळंत हायेत, हे ध्यानात ठेव."

मग मी ती मागण्यांतच लावतो, पान सहावर, सगळ्यांत वर. गेली नऊ वर्षं लावतो आहे. या जूनला मार्थाबाईंना बेचाळीस पूर्ण झाली. नियम अजून तोच आहे. तेव्हा पंचेचाळिशीपर्यंत त्यांच्याकडे छत्तीस अंक होते. हा नाताळ धरून सहा गेले.